घनता आणि विशिष्ट गुरुत्व : संकल्पना, मापन आणि मर्यादा

बीजशब्द : घनता, विशिष्ट गुरुत्व, सापेक्ष घनता, प्लावक बल, लॅक्टोमीटर, भेसळ

१. प्रास्ताविक

घनता ही संकल्पना विज्ञानाच्या शालेय अभ्यासक्रमात फार लवकर येते आणि तितक्याच लवकर मागे पडते. ‘वस्तुमानास आकारमानाने भागले असता घनता मिळते’ ही व्याख्या विद्यार्थी पाठ करतो, त्यावरील दोन-चार उदाहरणे सोडवतो आणि पुढील इयत्तांत ती समजली आहे असे गृहीत धरले जाते. वर्गाबाहेर मात्र या राशीचे काम सतत चालू असते. दूध संकलन केंद्रावर दुधाचा दर, साखर कारखान्यात रसाची प्रत, सराफाकडे सोन्याचा कस, मृदा प्रयोगशाळेत जमिनीची सच्छिद्रता आणि वाहनाच्या बॅटरीचा प्रभार यांविषयीच्या निर्णयांत घनतेचा किंवा विशिष्ट गुरुत्वाचा आकडा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आधार असतो.

ज्या आकड्यावर कोणाची मिळकत आणि कधी कधी कोणाची प्रामाणिकताही ठरते, तो आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे स्पष्ट असणे आवश्यक आहे. घनता जुळत नसेल तर पदार्थ अपेक्षेप्रमाणे नाही, असे खात्रीने म्हणता येते. घनता जुळली म्हणून पदार्थ शुद्ध आहे, असे म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखात या विधानाची कारणमीमांसा संकल्पना, मापन आणि उपयोजन या तिन्ही अंगांनी केली आहे.

२. घनता, गुरुत्व आणि दाटपणा

एकक आकारमानातील वस्तुमान म्हणजे घनता. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तिचे एकक किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे; व्यवहारात ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर हे एककही वापरले जाते. एखाद्या पदार्थाची घनता आणि प्रमाण मानलेल्या पदार्थाची घनता यांचे गुणोत्तर म्हणजे विशिष्ट गुरुत्व. स्थायू व द्रव पदार्थांसाठी हा प्रमाण पदार्थ बहुधा पाणी असतो. गुणोत्तर असल्यामुळे विशिष्ट गुरुत्वाला एकक नसते. आधुनिक परिभाषेत ‘सापेक्ष घनता’ ही संज्ञा अधिक ग्राह्य मानली जाते. तथापि जुने ग्रंथ, खनिजविज्ञान आणि उद्योगव्यवहार यांत ‘विशिष्ट गुरुत्व’ हीच संज्ञा रुळलेली आहे. मराठी विश्वकोशातील खनिजांच्या नोंदींत आढळणारे ‘वि. गु.’ हे संक्षिप्त रूप याच संज्ञेचे होय.

‘गुरुत्व’ या शब्दामुळे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ होतो. विशिष्ट गुरुत्वाचा गुरुत्वाकर्षणाशी थेट संबंध असावा, असे त्यांना वाटते. येथे गुरुत्व म्हणजे केवळ जडपणा होय. वैशेषिक दर्शनाच्या परंपरेत गणलेल्या चोवीस गुणांतही गुरुत्व हा स्वतंत्र गुण असून, वस्तूच्या पतनाचे कारण म्हणून त्याचा निर्देश येतो. संज्ञेतील ‘विशिष्ट’ हे पद तो जडपणा ठरावीक पदार्थाचा आहे, वस्तूच्या लहानमोठेपणावर अवलंबून नाही, हे दर्शवते. चंद्रावर वस्तूचे वजन कमी भरेल. पण तेथे पाण्याचेही वजन त्याच प्रमाणात कमी भरत असल्याने विशिष्ट गुरुत्व बदलणार नाही.

याहून मोठा गोंधळ रोजच्या भाषेतून येतो. ‘घन’, ‘दाट’, ‘घट्ट’ आणि ‘जड’ हे शब्द बोलताना एकमेकांच्या जवळ येतात. परिणामी जो द्रव दाट तो अधिक घनतेचा, असा समज सहज रुजतो. द्रवाचा दाटपणा म्हणजे त्याची श्यानता (विष्यंदिता). वाहण्याला होणारा तो अंतर्गत विरोध आहे. घनतेशी त्याचा अनिवार्य संबंध नाही. एरंडेल अत्यंत दाट असते, तरी त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ०.९६ असल्याने ते पाण्यावर तरंगते. उलट पारा चपळपणे वाहतो आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व मात्र १३.६ आहे. मध दाट आहे आणि पाण्याहून जडही आहे. या एका परिचित उदाहरणामुळेच कदाचित दोन गुणधर्मांची गल्लत टिकून राहते.

दुधावरील साय हे या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण आहे. साय दुधापेक्षा दाट असते, पण दुधापेक्षा हलकी असते आणि म्हणूनच वर येते. साय काढून घेतलेले दूध बोलीभाषेत ‘पातळ’ झालेले असते; त्याची घनता मात्र वाढलेली असते. पुढील विवेचनात या विसंगतीचे महत्त्व स्पष्ट होईल.

३. आकड्यामागील अटी

घनतेचा आकडा एकटा उभा राहू शकत नाही. कोणत्या तापमानास, कोणत्या प्रमाण पदार्थाच्या तुलनेत आणि कोणते आकारमान धरून, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यासोबत असावी लागतात.

पहिली अट तापमानाची. बहुतेक पदार्थ तापवल्यास प्रसरण पावतात आणि त्यांची घनता घटते. पाण्याची घनता सुमारे ४ °से. तापमानास सर्वाधिक, म्हणजे ९९९.९७ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. २० °से. ला ती ९९८.२, २७ °से. ला ९९६.५ आणि ४० °से. ला ९९२.२ इतकी होते. हे फरक अल्प वाटतात. परंतु ज्या मापनात तिसऱ्या दशांश स्थानावर निर्णय होतो, तेथे ते दुर्लक्षणीय नसतात.

दुसरी अट संदर्भाची. विशिष्ट गुरुत्व ४ °से. च्या पाण्याच्या तुलनेत सांगितले आहे की पदार्थाच्याच तापमानाच्या पाण्याच्या तुलनेत, हे नमूद करावे लागते. समजा, २७ °से. तापमानास एका दुधाची घनता १०२७ किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे. ४ °से. च्या पाण्याच्या तुलनेत त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२७ येईल, २७ °से. च्या पाण्याच्या तुलनेत ते १.०३०६ येईल. दूध तेच, तापमान तेच; आकडे मात्र दोन. लॅक्टोमीटरच्या भाषेत हे अंतर साडेतीन अंकांहून अधिक आहे आणि त्या व्यवसायात इतका फरक दहा टक्क्यांहून अधिक पाणी मिसळल्याचे लक्षण समजला जाईल.

एककांच्या इतिहासातही अशीच एक सूक्ष्म तफावत होऊन गेली. १९०१ पासून १९६४ पर्यंत लिटरची व्याख्या ‘महत्तम घनतेच्या एक किलोग्रॅम पाण्याचे आकारमान’ अशी होती. त्यामुळे तो लिटर १.००००२८ घन डेसिमीटर इतका भरत असे आणि मिलिलिटर व घन सेंटिमीटर ही एकके तंतोतंत समान नव्हती. १९६४ साली लिटर म्हणजे घन डेसिमीटर असे पुन्हा निश्चित झाले. जुन्या कोष्टकांतील अत्यंत अचूक आकडे वापरताना हा तपशील लक्षात ठेवावा लागतो.

तिसरी अट आकारमानाची. भुकटी, धान्य, माती, कापूस यांसारख्या पदार्थांत कणांबरोबर पोकळ्याही असतात. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भात यांचे वजन सारखे भरत नाही, यामागे दाण्यांच्या घनतेइतकाच त्यांच्या रचणीचाही वाटा असतो. मृदाशास्त्रात म्हणूनच दोन घनता मानतात. केवळ मृदाकणांचे आकारमान धरल्यास मिळणारी कणघनता खनिजप्रधान जमिनीत साधारणतः २.६५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. पोकळ्यांसह आकारमान धरल्यास मिळणारी स्थूलघनता त्याहून बरीच कमी असते. स्थूलघनता १.३३ असेल, तर जमिनीचे जवळजवळ निम्मे आकारमान पोकळ्यांचे आहे असा अर्थ होतो. दख्खनची काळी जमीन ओलाव्याने फुगते आणि सुकल्यावर आकसून भेगाळते. तिची स्थूलघनता ओलाव्याचे प्रमाण सांगितल्याशिवाय अर्थपूर्ण ठरत नाही.

४. मुकुटाची कथा आणि तराजूचा मार्ग

विशिष्ट गुरुत्वाच्या चर्चेत आर्किमिडीज आणि राजाच्या मुकुटाची कथा हमखास येते. काठोकाठ भरलेल्या पात्रात मुकुट आणि तितक्याच वजनाचे सोने बुडवून सांडलेल्या पाण्याची तुलना केली, अशी ती कथा आहे. आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर सुमारे दोन शतकांनी रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने ती आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात नोंदवली. स्वतः आर्किमिडीजच्या तरंगत्या वस्तूंविषयीच्या ग्रंथात प्लावक बलाचा सिद्धांत आहे, मुकुटाची कथा नाही.

कथेतील पद्धत प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडेल, हे साध्या गणिताने तपासता येते. सोन्याची घनता १९.३ आणि चांदीची १०.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरू. एक किलोग्रॅम शुद्ध सोन्याचे आकारमान ५१.८ घन सेंटिमीटर येते. तितक्याच वजनाच्या मुकुटात ३० टक्के चांदी असेल तर ते ६४.८ घन सेंटिमीटर होईल. फरक १३ घन सेंटिमीटरचा. मुकुट मावेल असे २० सेंटिमीटर व्यासाचे पात्र घेतले, तर पाण्याच्या पातळीत पडणारा फरक अवघा ०.४ मिलिमीटर होतो. पाण्याचे पृष्ठताण आणि मुकुटाला चिकटलेले बुडबुडे लक्षात घेता इतका फरक निश्चितपणे ओळखणे कठीण आहे.

गॅलिलिओने १५८६ साली लिहिलेल्या ‘ला बिलांचेत्ता’ या छोट्या प्रबंधात ही पद्धत स्थूल असल्याचे सांगून जलस्थितिक तराजूचा मार्ग मांडला. वस्तू प्रथम हवेत आणि नंतर पाण्यात बुडवून तोलावी. वजनातील घट म्हणजे विस्थापित पाण्याचे वजन होय. हवेतील वजनास या घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. वरील उदाहरणात शुद्ध सोन्याची घट ५१.८ ग्रॅम आणि मिश्र मुकुटाची ६४.८ ग्रॅम येईल. १३ ग्रॅमचा हा फरक साधा तराजूही दाखवेल. आकारमान मोजण्याची अडचण वजन मोजण्यात रूपांतरित केली, हे या पद्धतीचे मर्म आहे. प्रयोगशाळेतील विशिष्ट गुरुत्व कुपीही याच तत्त्वावर चालते. कुपीत आकारमान मोजायचे नसते. एकच आकारमान दोनदा भरून केवळ वजने घ्यायची असतात.

हायड्रोमीटर हे त्याच तत्त्वाचे तिसरे रूप. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतका द्रव बाजूस सारते. द्रव हलका असेल तर तेवढे वजन भरून काढण्यास तिला अधिक खोल जावे लागते. द्रव जड असेल तर ती वर राहते. नळीवरील खुणा वाचल्या की काम होते. तराजू, वजने, गणित यांपैकी कशाचीच गरज भासत नसल्यामुळे हे उपकरण प्रयोगशाळेबाहेर पडले आणि बाजारात पोहोचले.

५. दूध आणि लॅक्टोमीटर

लॅक्टोमीटर म्हणजे दुधासाठी आखलेला हायड्रोमीटर. त्यावरील वाचनांक विशिष्ट गुरुत्वातील १ वजा करून उरलेल्या अंशास हजाराने गुणल्यावर येणारा असतो. विशिष्ट गुरुत्व १.०३० असेल तर वाचनांक ३०. दुधाचे विशिष्ट गुरुत्व सामान्यतः १.०२८ ते १.०३२ च्या दरम्यान असते. पाणी मिसळल्यास ते १ कडे झुकते आणि वाचनांक उतरतो. ‘लॅक्टोमीटर उतरला म्हणजे पाणी घातले’ या सर्वपरिचित निष्कर्षाचा आधार एवढाच आहे.

दूध हा मात्र दोन घटकांचा पदार्थ नाही. पाणी, स्निग्धांश (फॅट) आणि स्निग्धेतर घनपदार्थ (एसएनएफ) असे त्याचे किमान तीन भाग करावे लागतात. स्निग्धांश पाण्याहून हलका असून त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ०.९३ असते. प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार यांचे मिळून असलेले स्निग्धेतर घनपदार्थ पाण्याहून जड असून त्यांचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.६ धरता येते. म्हणजे दुधाच्या घनतेवर दोन विरुद्ध ओढी काम करतात. स्निग्धांश ती खाली ओढतो, स्निग्धेतर घनपदार्थ ती वर नेतात.

याचे परिणाम एका उदाहरणातून पाहता येतील. ४ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असलेले १०० किलोग्रॅम दूध घेतले, तर वरील आकड्यांनुसार त्याचा वाचनांक २९.७ येतो. त्यात १० किलोग्रॅम पाणी मिसळले तर वाचनांक सुमारे २७ होतो. ही भेसळ लॅक्टोमीटर पकडतो. आता पाणी न मिसळता मूळ दुधातून ३ किलोग्रॅम स्निग्धांश काढून घेतला, तर वाचनांक ३३.१ पर्यंत चढतो. दुधाची प्रत घसरलेली असताना उपकरण ते अधिक ‘चांगले’ असल्याचे दाखवते. या साय काढलेल्या दुधात पुढे सुमारे १०.८ किलोग्रॅम पाणी मिसळले की वाचनांक पुन्हा बरोबर २९.७ वर येतो. आता फॅट एक टक्क्याहूनही कमी आणि एसएनएफ ७.९ टक्के आहे, तरीही लॅक्टोमीटरच्या दृष्टीने हे दूध आणि मूळ दूध यांत काहीच फरक नाही. साखर, मीठ किंवा युरिया यांसारखे विद्राव्य पदार्थ घालूनही उतरलेला वाचनांक वर आणता येतो.

हा झाला खोटे दूध खरे ठरण्याचा प्रकार. खरे दूध खोटे ठरण्याचा प्रकारही तितकाच गंभीर आहे. पारंपरिक लॅक्टोमीटर ६० °फॅ. तापमानासाठी आखलेला असे आणि त्याहून प्रत्येक अंश फॅरनहाइट वाढीसाठी वाचनात ०.१ मिळवण्याचा नियम होता. भारतातील हवामान ध्यानात घेऊन २७ °से. साठी आखलेले लॅक्टोमीटरही वापरात आले. उपकरण कोणत्या तापमानासाठी आहे हे न पाहता वाचन घेतले, किंवा दुरुस्ती केली नाही, तर दहा अंश फॅरनहाइटच्या फरकाने वाचनांकात एक पूर्ण अंक चुकतो. धारोष्ण दुधाच्या बाबतीत चूक आणखी वाढते. ते गरम असते, त्यात फेस व हवेचे बुडबुडे असतात. शिवाय दूध काढल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याची घनता स्वाभाविकपणेच किंचित वाढते. स्निग्धांशाचे हळूहळू होणारे घनीभवन हे त्याचे एक कारण मानले जाते. या वाढीस रेकनागेल परिणाम असे नाव आहे. ताज्या दुधाचे घाईने घेतलेले वाचन त्यामुळे वास्तवापेक्षा कमी येते.

एका अंकाच्या या चुकीची किंमत काढता येते. एसएनएफ काढण्यासाठी प्रचलित असलेल्या रिचमंड सूत्रानुसार एसएनएफची टक्केवारी म्हणजे वाचनांकाचा चौथा हिस्सा, अधिक फॅटच्या टक्केवारीची ०.२ पट, अधिक ०.१४. (लॅक्टोमीटरच्या आखणीनुसार यातील स्थिरांक बदलतात.) वाचनांकात एका अंकाची चूक झाली की एसएनएफ पाव टक्क्याने कमी दिसते. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा खरेदीदर सांगताना ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही प्रत आधार मानली जाते. ८.५ एसएनएफचे दूध केवळ तापमानाच्या दुर्लक्षामुळे ८.२५ चे ठरले, तर उत्पादकाचा दर कापला जातो आणि त्याच्यावर पाणी घातल्याचा संशयही येतो. यात पाणी कोणी घातलेले नसते. आकड्यामागील अट तेवढी वाचली गेलेली नसते.

६. एक समीकरण, अनेक अज्ञाते

वरील अडचणीचे मूळ गणिती आहे. घनतेचे एक मापन म्हणजे एक समीकरण. पाण्यात एकच ज्ञात पदार्थ मिसळलेला असेल, तर अज्ञात एकच उरते आणि एक समीकरण पुरेसे होते. शिसे-आम्ल बॅटरीत पाणी आणि गंधकाम्ल हे दोनच घटक असतात. प्रभारित अवस्थेत विद्युत्-अपघटनीचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२६ ते १.२८ असते आणि बॅटरी उतरत जाते तसे ते घटते. येथे हायड्रोमीटरचे वाचन जवळजवळ निःसंदिग्ध असते. अज्ञाते दोन झाली की तेच उपकरण अपुरे पडते. उपकरणाचा दोष त्यात नसतो, प्रश्नच मोठा झालेला असतो.

दुग्धव्यवसायाने यावर काढलेला मार्ग दुसरे समीकरण जोडण्याचा होता. १८९० साली बॅबकॉक आणि १८९१ साली गेर्बर यांनी गंधकाम्लाच्या साह्याने स्निग्धांश स्वतंत्रपणे मोजण्याच्या पद्धती दिल्या. फॅट स्वतंत्रपणे कळले की घनतेवरून एसएनएफ काढता येते. वर उल्लेखिलेले सूत्र म्हणजे या दोन मापनांचा संयोग होय. साय काढून पाणी घातलेले दूध लॅक्टोमीटरला फसवते, पण फॅटची परीक्षा त्यास लगेच उघडे पाडते. दुधाचा गोठणबिंदू सुमारे उणे ०.५४ °से. असतो आणि पाणी मिसळल्यास तो शून्याकडे सरकतो. त्याचे मापन हे तिसरे समीकरण होय. विद्राव्य पदार्थ घालून गोठणबिंदूही खाली आणता येत असल्याने युरिया, साखर इत्यादींसाठी स्वतंत्र रासायनिक परीक्षा कराव्या लागतात.

साखर कारखान्यांत हेच तत्त्व नित्याचे आहे. रसाच्या घनतेवरून काढलेला ब्रिक्स अंश पाण्यात विरघळलेल्या एकूण घनपदार्थांचा अंदाज देतो. मापश्रेणी शुद्ध साखरेच्या द्रावणावर आधारलेली असल्यामुळे रसातील क्षार व अन्य शर्करा यांचीही गणना साखर म्हणूनच होते. म्हणून ध्रुवणमापीने साखरेचे प्रमाण, म्हणजे पोल, वेगळे मोजतात. पोल आणि ब्रिक्स यांच्या गुणोत्तरावरून रसाची शुद्धता ठरते. ऊस उत्पादकास आणि कारखान्यास अर्थपूर्ण असणारी राशी या दोन मापनांच्या तुलनेतून निघते, केवळ घनतेतून नाही.

सोन्याच्या बाबतीतही चित्र वेगळे नाही. कसोटीचा दगड दागिन्याचा केवळ पृष्ठभाग तपासतो, तर घनता संपूर्ण वस्तू तपासते. हा घनतेचा मोठा लाभ होय. तथापि बावीस कॅरट सोन्यातील उरलेला भाग चांदीचा असेल तर घनता सुमारे १८.० आणि तांब्याचा असेल तर सुमारे १७.६ येते. तांबे मिसळलेले बावीस कॅरट सोने, मिश्रण चांदीचे आहे असे समजून तपासले, तर ते सव्वाएकवीस कॅरटचे भासेल. याहून अवघड प्रश्न टंगस्टनचा आहे. त्याची घनता १९.२५ ते १९.३, म्हणजे सोन्याइतकीच आहे. टंगस्टनच्या गाभ्यावर सोन्याचे आवरण चढवलेली लगड जलस्थितिक तराजूवर निर्दोष ठरू शकते. तिच्यासाठी ध्वनितरंग किंवा विद्युत्-वाहकता यांसारख्या वेगळ्या गुणधर्मांचा आधार घ्यावा लागतो. आर्किमिडीजच्या तत्त्वात येथे काही चुकत नाही. दोन भिन्न पदार्थांची घनता समान असू शकते, एवढेच यातून सिद्ध होते.

७. नकाराचे सामर्थ्य

घनतेच्या मर्यादांची चर्चा करताना तिचे सामर्थ्य झाकोळले जाऊ नये. घनता ‘हे तेच आहे’ असे सांगू शकत नसली, तरी ‘हे ते नव्हे’ असे ती विलक्षण निश्चितपणे सांगते. विज्ञानाच्या इतिहासात याचे सर्वोत्तम उदाहरण लॉर्ड रॅले यांच्या वायुमापनाचे आहे.

हवेतून ऑक्सिजन व इतर ज्ञात वायू काढून टाकल्यावर उरलेल्या नायट्रोजनची घनता त्यांनी मोजली. तसेच अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनचीही मोजली. पहिली लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम, तर दुसरी सुमारे १.२५१ ग्रॅम भरली. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा होता. मापनातील चूक म्हणून तो सोडून देणे सोपे होते. रॅले यांनी मापने पुन्हा पुन्हा केली आणि फरक कायम राहिल्यावर १८९२ साली ‘नेचर’ नियतकालिकातून तो शास्त्रज्ञांसमोर मांडला. पुढे विल्यम रॅम्झी यांच्यासमवेत केलेल्या संशोधनातून हवेतील नायट्रोजनमध्ये एक अज्ञात, अत्यंत निष्क्रिय आणि अधिक जड वायू मिसळलेला असल्याचे १८९४ साली जाहीर झाले. तो वायू म्हणजे आरगॉन. हवेत त्याचे प्रमाण आकारमानाने सुमारे ०.९३ टक्के आहे. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे घनतेने नेमके किती सांगितले, हे पाहण्याजोगे आहे. हवेतील नायट्रोजन शुद्ध नाही, इतकेच तिने सांगितले. त्यात काय मिसळले आहे, हे वर्णपटाच्या अभ्यासातून आणि वायूच्या रासायनिक निष्क्रियतेवरून ठरले. घनतेच्या आकड्याने प्रश्न उभा केला; उत्तरासाठी इतर गुणधर्मांची साक्ष काढावी लागली.

८. अध्यापनाच्या दृष्टीने

या विवेचनातून अध्यापनासाठी काही दिशा मिळतात. प्रयोगवहीत घनतेचा आकडा तापमान आणि संदर्भ यांशिवाय ग्राह्य धरू नये. विशिष्ट गुरुत्व कुपीच्या प्रयोगात उत्तर कोष्टकाशी जुळले की प्रयोग संपला, असे मानण्याऐवजी हेच उत्तर आणखी कोणत्या मिश्रणातून येऊ शकेल, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतो. साय काढलेल्या आणि न काढलेल्या दुधाची लॅक्टोमीटर-वाचने शेजारी शेजारी घेतली, तर दाटपणा आणि घनता यांतील भेद कोणत्याही व्याख्येपेक्षा स्पष्टपणे मनावर ठसतो. या प्रयोगास खर्च जवळजवळ नाही.

विषयांच्या सीमा ओलांडण्याची संधीही येथे आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने दुधाचा दर, भूगोलाच्या दृष्टीने काळ्या जमिनीची स्थूलघनता, रसायनशास्त्राच्या दृष्टीने भेसळीच्या परीक्षा, गणिताच्या दृष्टीने समीकरणे आणि अज्ञाते यांचा मेळ असे अनेक पैलू एकाच राशीभोवती एकत्र आणता येतात. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत दुग्धव्यवसायाशी संबंधित कुटुंबांतील विद्यार्थी असतात. आपल्या घरच्या दुधाचा आकडा कसा येतो आणि तो कोणत्या अटींवर तपासून घेता येतो, हे ज्ञान त्यांच्यासाठी केवळ परीक्षेपुरते राहत नाही.

९. समारोप

घनता आणि विशिष्ट गुरुत्व या संकल्पना सोप्या आहेत, परंतु त्यांचा अर्थ लावणे सोपे नाही. आकड्यासोबत तापमान, संदर्भ आणि आकारमानाचे स्वरूप नमूद असावे लागते. घटक दोनच असतील तर घनता निर्णायक ठरते. घटक वाढले की प्रत्येक नव्या अज्ञातासाठी नवे, स्वतंत्र मापन आवश्यक होते. न जुळणारी घनता ही निश्चित साक्ष आहे, मात्र मापनाच्या अटी पाळलेल्या असल्या पाहिजेत. जुळणारी घनता ही केवळ शक्यतेची साक्ष होय. आरगॉनचा शोध या नियमाच्या पहिल्या भागातून लागला. दुसरा भाग विसरला गेला की टंगस्टनची लगड सोने म्हणून खपते आणि साय काढून पाणी घातलेले दूध सकस ठरते. मापनाच्या अटी विसरल्या गेल्या, तर चोख दूध आणणाऱ्या उत्पादकावर भेसळीचा ठपका येतो. ही तिसरी चूक टाळण्यासाठी लागतो तो केवळ एक तापमापी आणि तो वाचण्याची सवय.